कॅलेंडरात नसलेली त्सिएलावा

येकाबपिल्स, ३ मे

तीर्थस्वरूप मिल्डा मावशीस,

आन्सिसचा वाकून नमस्कार. (वाकताना मुलगी खांद्यावर होती, त्यामुळे नमस्कार थोडा तिरपा झाला असेल, तो सरळ धरावा.) तुझे गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखतो की डावा, हे तू मागच्या वेळी लिहिलं नव्हतंस, म्हणून रूताने विचारल्यावर मी दोन्ही दुखतात असं सांगून टाकलं. खोटं ठरलं तर कळव, मी तिला दुरुस्ती सांगेन. लिएपायात समुद्रावरून वारा येत असेलच, कान झाकून बाहेर पडत जा. आम्ही तिघं खुशाल. मुलीचं वजन चार किलो सहाशे ग्रॅम (बेकरीतल्या तराजूवर चार किलो सहाशे वीस, पण तेव्हा अंगात मोजे होते).

हे पत्र आभाराचं आहे, आणि आभार नीट मानायचे तर सगळं क्रमाने सांगितलं पाहिजे. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सुरू करतो, कारण मधूनच सुरू केलं तर माझा मलाच धागा सापडत नाही. तू वर्गात म्हणायचीस, "आन्सिस, उत्तर दे, उत्तराचा इतिहास नको." ते मला आठवतं. पण या वेळी उत्तर इतिहासातच अडकलेलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

मुलगी झाली त्या सकाळी दाउगावेवरचा बर्फ फुटला. दवाखान्याची खिडकी नदीकडे आहे. बर्फाची एकेक लादी गाडीच्या डब्यासारखी दुसरीवर चढत होती आणि तिच्यावर ते काळंपांढरं पाखरू शेपटी वरखाली करत आरामात चाललं होतं, जणू तिकीट काढून बसलंय. रूता म्हणाली, "बघ, त्सिएलावा आली. हिनेच शेपटीने बर्फ फोडला." (आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, पण मी स्वतः कधी फोडताना पाहिलेलं नाही, म्हणून मी फक्त मान हलवली.) मग ती मुलीकडे बघून म्हणाली, "हिचं नाव त्सिएलावाच ठेवू या." आणि मी हो म्हणालो. मावशी, मी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता हो म्हणालो. लग्नालासुद्धा मी चार दिवस मागून घेतले होते.

विचार संध्याकाळी आला. मी सहा वर्षं बेकरीत आहे आणि गावात कोणाचा नामदिन कधी हे माझ्याइतकं कोणालाच पाठ नसेल. रोज सकाळी मालक भिंतीवरच्या कॅलेंडराचं पान फाडतात, त्या दिवसाची नावं मोठ्याने वाचतात आणि त्यावरून केशर-मनुका घालून वेटोळं केलेले क्लिंगेरिस पाव किती भाजायचे ते ठरतं. घरोघरी सापडणाऱ्या यानिसांच्या दिवशी भट्टीला श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्याचं नाव छापलेलं असतं त्याच्या घरी माणसं फुलं घेऊन येणार, न बोलावता येणार, आणि त्याने टेबल मांडून वाट बघायची. वाढदिवस चुकला तर लोक माफ करतात, नामदिन चुकला तर पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात ठेवतात. त्सिएलावा हे नाव कॅलेंडरात कुठेच नाही. मी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा उलटीकडून. असल्या नावांसाठी बावीस मे ठेवलाय, हे खरं. त्या पानावर मोठ्या अक्षरात 'एमीलिया' आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'कॅलेंडरात न आलेली सर्व नावे'. पण मावशी, सहा वर्षांत बावीस मेला मी एमीलियांसाठी शेकड्यांनी क्लिंगेरिस भाजले आणि त्या खालच्या ओळीसाठी एकही नाही. एकही. म्हणजे त्या ओळीतल्या माणसांकडे कोणी जात नाही, हे माझ्याइतकं पुराव्यासकट कोणाला सांगता येणार?

हे मी सासूबाईंना सांगायला नको होतं. स्काइद्रितेबाई तुला लग्नाच्या फोटोत माहीत आहेतच (टोपीवर पीस असलेल्या). त्यांनी मला ओट्याशी उभं करून सगळं वदवून घेतलं आणि मग कॉफीचा कप असा ठेवला की बशी विचारात पडली. म्हणाल्या, "जावईबापू, ज्या पोरीचा दिवस नाही तिच्याकडे कोण येणार? दर वर्षी टेबल मांडून बसेल बिचारी, आणि कॉफी पिणार तुम्ही दोघं. शिवाय ते पाखरू एका जागी दोन मिनिटं बसत नाही. शेपटी हलवणारीचं नाव ठेवा आणि मग पोरगी घरात टिकत नाही म्हणून माझ्याकडे रडत या." रूता आतून म्हणाली, "आई, तुझ्या नावाचा अर्थ स्वच्छ, स्पष्ट. आणि तू रुसलीस की कशावरून ते तीन दिवस कळत नाही." त्यावर सासूबाई रुसल्या. पण जाताना एक तोड सुचवून गेल्या आणि त्या तोडीने माझी झोप उडवली. मुलीचं नाव एमीलिया ठेवा. तारीख तीच, बावीस मे. फक्त खालच्या ओळीतून वरच्या ओळीत. पाहुण्यांची हमी.

मला ते पटलं. (रूताला हे सांगू नकोस.) पूर्ण पटलं असं नाही, पण नोंदणीला सव्वीस दिवस उरले होते आणि मी रोज सकाळी एमीलियाकडे आणि संध्याकाळी त्सिएलावाकडे झुकत होतो. नोंदणी कचेरीत जाऊन विचारलं की देशात या नावाच्या किती जणी आहेत. तिथल्या बाई फार सज्जन. शोधून म्हणाल्या, नऊ, तुमची धरली तर दहा. मी घरी येताना पुलावर थांबून बराच वेळ दहा ही सम संख्या आहे यावर विचार केला. म्हणजे माझी अवस्था काय झाली होती ते तुझ्या लक्षात येईल.

त्या अवस्थेत मी तुला पाच पानी पत्र लिहिलं, ते चौथ्या दिवशी परत आलं. चार चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी लीवानीचा एक पत्ता, त्यावर 'त्सिएलावा ओझोल', खाली दोन शब्द: "हिला विचार." मावशी, खरं सांगतो, आधी मला वाईट वाटलं. मी दहावीत शाळा सोडून इकडे आलो तेव्हाही तू असंच दोन शब्दांचं पत्र पाठवलं होतंस ("तुझी मर्जी."), आणि त्यानंतर तू आमच्याकडे आलेली नाहीस. मला वाटलं, याही वेळी तू हात झटकलेस. माझा तो गैरसमज होता आणि त्याबद्दल मी इथे, या ओळीत, माफी मागतो.

शनिवारी मी लीवानीला निघालो. अनोळखी वयस्कर बाईंकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून नऊ ट्यूलिप घेतले. (मोजून. दुकानदारीणबाईंनी मोजले, मग मी मोजले.) बसमध्ये माझ्या शेजारी एक गृहस्थ बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं मांडीवर घेऊन बसले, आणि एका वळणावर पोतं माझ्याकडे कललं. एका ट्यूलिपची मान मोडली. आता राहिली आठ, आणि सम आकड्यात फुलं घेऊन माणूस फक्त थडग्यावर जातो. मोडकं फूल मोजायचं की नाही यावर मी त्या गृहस्थांचं मत विचारलं. ते म्हणाले, देठ मोजतात. मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, डोकी मोजतात. लीवानी येईपर्यंत अर्धी बस यात पडली होती. शेवटी मी उतरल्यावर मोडकं आणि आणखी एक धड, अशी दोन फुलं काढून सात केली. मोडकं कचरापेटीत टाकलं. धड टाकवेना, ते कोटाच्या खिशात ठेवलं.

दार उघडलं ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या, माझ्या खांद्याला लागणाऱ्या, अतिशय तरतरीत बाईंनी. मी तोंड उघडणार तोच त्यांनी फुलं पाहिली, बोटाने मोजली, आणि "आलास का, ये ये, बूट तिथे काढ," म्हणत मला आत ओढलं. कोट काढून घेतला, खिशातलं फूल सापडलं, आणि ते त्यांनी कौतुकाने फुलदाणीत खोचलं. आठ. मावशी, मी त्या टेबलाशी बसलो, समोर कॉफी, समोर आठ ट्यूलिप, समोर चौऱ्याऐंशी वर्षांची बाई.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या मला नामदिनाचा पाहुणा समजल्या आहेत. न बोलावता आलेला, हातात फुलं, दाराशी संकोचून उभा: दुसरं कोण असणार? पाहुण्याला तुम्ही कोण असं विचारत नाहीत, तसं त्यांनी विचारलं नाही. आणि यजमानीणबाई बश्या-पेल्यांची मांडामांड करत असताना मी कामासाठी आलोय असं म्हणायची माझी छाती होईना. त्या स्वयंपाकघरात केक आणायला गेल्या तशी मी चटकन उठून एक ट्यूलिप फुलदाणीतून उपसला. तो सदऱ्यात दडवत होतो, इतक्यात मागून आवाज आला, "काय रे, म्हाताऱ्या बाईची फुलं चोरतोस?" शेजारीणबाई. खिडकीतून दाराशी नवे बूट दिसले म्हणून डोकावल्या होत्या. मी कानापर्यंत लाल झालो आणि म्हणालो, "आठ होती." शेजारीणबाईंनी मोजली, सात भरली, माझ्या सदऱ्यातून बाहेर आलेलं आठवं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "बरं केलंस," म्हणाल्या. मग टेबल पाहिलं, केक पाहिला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, आज आहे होय? आम्हाला कोणी बोललंच नाही." आणि त्या फुलं आणायला पळाल्या.

पाऊण तासात त्या छोट्या खोलीत अकरा माणसं होती. पोस्टमन सायकल बाहेर टाकून आला. वरच्या मजल्यावरचे आजोबा अंगणातलीच तीन फुलं तोडून घेऊन आले, तीही त्सिएलावाबाईंच्याच वाफ्यातली. सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं आणि मग रीतीप्रमाणे बाईंना खुर्चीवर बसवून उचलायची वेळ आली. मी सगळ्यांत तरुण, म्हणून पुढचा पाय माझ्याकडे. बाई म्हणाल्या, वयाइतक्या वेळा उचललंत तर माझं वय वाढायचं नाही, तुमचं संपेल, एकदाच उचला. एकदाच उचललं, वीतभर. माझ्या घामाचं कारण वजन नव्हतं. या सगळ्या माणसांना मी फसवलंय, हे होतं.

शेवटी राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं: मी नामदिनाला आलेलो नाही, मला तो ठाऊकही नव्हता, मी येकाबपिल्सचा, मुलगी तीन आठवड्यांची, नाव ठरत नाहीये, आणि मला फक्त एवढंच विचारायचं होतं की या नावाच्या माणसाकडे कोणी येतं का. पोस्टमनच्या तोंडात केकचा घास होता तो तसाच राहिला. त्सिएलावाबाई मला म्हणाल्या, "म्हणजे आज माझा नामदिन नव्हता?" मी मान खाली घातली. "मग आता काय करू म्हणतोस, खाल्लेला केक परत मागू?" आणि त्या अशा हसल्या की वरचे आजोबा दचकून उठले.

मग त्यांनी उत्तर दिलं. मावशी, ते मी जसंच्या तसं लिहितो. तू दुरुस्ती करायची असेल तर कर, पण खोडू नकोस.

"चाळीस वर्षांची होईपर्यंत कोणी आलं नाही, पोरा. मी तुला गोड बोलून फसवणार नाही. शाळेत ज्याचा दिवस त्याच्या बाकावर फुलं असायची, माझा बाक कोराच. कारखान्यात तेच. मग इथे खालच्या खोलीत एक नवी मास्तरीण भाड्याने राहायला आली. मिल्डा नाव तिचं. तोंडाने फटकळ. बावीस मेला, धो धो पाऊस, दारात उभी, हातात पाच फुलं, चिंब. मी म्हटलं, काय झालं, छत गळतंय का? म्हणाली, छत गळतंयच, पण आज तुमचा दिवस आहे, मी कॉफी प्यायला आले. घरात साखरसुद्धा नव्हती. ती तेरा वर्षं आली. एकही वर्ष चुकली नाही. तिचं बघून गल्ली यायला लागली. मग तिची लिएपायाला बदली झाली आणि ती तारीखही बरोबर घेऊन गेली. आता यांच्यापैकी कोणालाच दिवस धड आठवत नाही, म्हणून ज्याला जेव्हा आठवेल तेव्हा येतात. वर्षाला चार-पाच नामदिन होतात माझे. केक करून करून कंबर जाते."

मी म्हणालो, मिल्डा माझी मावशी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. त्यांनी माझी सात फुलं पुन्हा बोटाने मोजली. मग म्हणाल्या, "तरीच आठ फुलं चालली नाहीत तुला."

मावशी, तू हे मला कधीच सांगितलं नाहीस. मी पाच पानं लिहिली आणि तू दोन शब्द. आणि तरी तुझंच पत्र मोठं होतं. त्याबद्दल तुझे आभार. मी हे वाक्य तीन वेळा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा एवढंच झालं.

मंगळवारी नोंदणीला गेलो. सासूबाई सोबत आल्या, त्यांनी कोट घातलेला पाहून मी काही विचारलं नाही. अर्जात मी नाव लिहिलं, एकही खाडाखोड नाही. कचेरीतल्या सज्जन बाई म्हणाल्या, नाव छान आहे हो, पण कॅलेंडरात नाही ना, मुलीची पंचाईत होईल. त्यावर सासूबाई पुढे सरकल्या. "नसेना का," म्हणाल्या. "कॅलेंडर छापणाऱ्यांनी कधी बर्फ फोडलाय?" मी थक्क झालो. जिन्यावर आभार मानायला गेलो तर मला थांबवून म्हणाल्या, "ते मी त्या बाईला म्हटलं, तुम्हाला नाही. परक्या बाईने माझ्या नातीच्या नावाला नाव ठेवायचं काय कारण? तुमचं मत मला पटलेलं नाही. बावीसला मी माझ्या मैत्रिणीकडे, एमीलियाकडे जाणार. एकतीस वर्षं जातेय, या वर्षी चुकले तर ती मेल्यावरही माझ्याशी बोलणार नाही." यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नामदिन म्हणजे नामदिन.

तर मुलगी आता कायदेशीर त्सिएलावा आहे, देशातली दहावी, आणि नावाला तिने आतापर्यंत काही हरकत घेतलेली नाही. रूता तुला नमस्कार सांगते. मालकही सांगतात, ते तुला ओळखत नाहीत, पण पत्र लिहितोय म्हटल्यावर म्हणाले, माझाही घाल. पत्र लांबलं, त्याची क्षमा असावी. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
आन्सिस

ता. क. नामदिनाला कोणी कोणाला बोलवत नसतं, हे मला तूच शिकवलंस, आणि मी ते पाळतो. तेव्हा या पत्रात कुठेही आमंत्रण नाही. मी पुन्हा वाचून खात्री केली.

ता. क. २. सहज माहिती म्हणून: लिएपायाहून सकाळी सहाच्या सुमारास रीगाची बस आहे, ती दहाच्या आत पोचते. रीगाहून क्रुस्तपिल्सची गाडी मिळते, आमच्या गावाचं स्टेशन तेच. आमचं घर स्टेशनापासून सात मिनिटांवर, पण माझी चाल जलद आहे, तेव्हा दुखऱ्या गुडघ्याने वीस धरावीत. तिसरा मजला. कठडा डाव्या हाताला आहे, हलत होता, मी परवा तो स्वतः बसवला.

ता. क. ३. बावीस तारखेला मी रजा घेतली आहे. मालक म्हणाले, एमीलियांच्या दिवशी रजा मागणारा तू पहिलाच. मी म्हणालो, खालच्या ओळीसाठी हवीय. टेबल मी मांडणार आहे, मोठं, शेजाऱ्यांकडून आणून. कोण बसेल ते मला माहीत नाही.

ता. क. ४. मुलगी बारा ते दोन झोपते. दोननंतर जागी असते.